पेनकिलर घेतली की त्याच जागी काळा डाग – कुणाला अनुभव?

शेवंतीची_वेणी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच असते, चुकीच्या विभागात टाकलं असेल तर हलवा.

आई ६७ वर्षांची, गुडघे गेलेत. दीड वर्षापूर्वी तिच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा काळपट-जांभळा डाग पडला. वाटलं कुकरची वाफ लागली असेल. तो फिका होत गेला आणि दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी बरोब्बर त्याच जागी चुरचुरायला लागलं, सकाळी लालबुंद, मधे छोटा फोड, आठ दिवसांनी परत काळा. असं चारदा झालं. चौथ्या वेळी खालच्या ओठावरही एक उठला. शेजारच्या काकू म्हणाल्या उष्णता आहे, गुलकंद द्या. आत्या म्हणाली अंगातला ताप फुटलाय. फॅमिली डॉक्टरांनी फंगसचं मलम दिलं, ते महिनाभर चोळलं.

परवा भिंतीवरचं कॅलेंडर चाळत होते. आई त्यावर दुधाचे खाडे लिहिते आणि गोळ्याही लिहिते. चारही वेळा डाग उठायच्या दिवशी चौकोनात "गु. गो." म्हणजे गुडघ्याची गोळी. पण कुठली गोळी ते कळायला मार्ग नाही, कारण आमचा मेडिकलवाला कात्रीने चार-चार गोळ्या कापून देतो. डब्यात सापडलेल्या तुकड्यावर "…फेनॅक-पी" एवढंच आहे, बाकीचं नाव कात्रीच्या पलीकडे गेलं.

तर ही ॲलर्जी असते का अशी, एकाच जागी येणारी? आणि मग गुडघ्यांना द्यायचं काय? ती रात्री कण्हते हो.

भटका_मुंगळा | सोमवार, रात्री ९:५२

पहिला मी. डॉक्टर नाही, चहा घेऊन बसलोय.

तिरफळ | सोमवार, रात्री १०:१५

मला आहे पेनकिलरची ॲलर्जी पण तुमच्या आईसारखी नाही. बारावीत दात काढला तेव्हा आयबुप्रोफेन दिली होती, अर्ध्या तासात अंगभर पित्त उठलं, गांधी म्हणजे एकेक चपातीएवढी, आणि पापण्या अशा सुजल्या की आरशात स्वतःला ओळखेना. आजीने आमसुलं भिजवून अंगाला चोळली, वर गेरू लावला, घोंगडी पांघरली. मी म्हणजे सोलकढीत बुडवून काढलेला बांगडा. रात्रीत उतरलं, सगळे म्हणाले आमसूल गुणकारी.

सहा वर्षांनी पाठ धरली म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेतलं आणि परत तेच, या वेळी घसाही आवळल्यासारखा झाला. तेव्हा डॉक्टर ओरडले की आधी काही झालं होतं ते सांगितलं का नाहीस. मी म्हटलं ती गोळी वेगळी होती ना! तेव्हापासून फक्त साधी पॅरासिटामॉल. ती सगळ्यात सेफ, आईंनाही तीच द्या.

कंपौंडरचा_नातू | सोमवार, रात्री १०:३१

एवढं टेन्शन कशाला घेता. गोळीच्या आधी ॲलर्जीची एक सेट्रिझिन टाकायची आणि मग पेनकिलर. आमच्या आजोबांच्या दवाखान्यात अर्ध्या गावाला अशीच द्यायचे, एका कागदात दोन गोळ्या, पुडी बांधून. नाव वगैरे विचारायची पद्धतच नव्हती, "पांढरी सकाळी, पिवळी रात्री."

आडवाटेचा_त्वचावाला | मंगळवार, सकाळी ७:०५

त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. इथे बघून निदान करत नाही, पण शेवंतीताईंनी लिहिलंय ते वाचून वर्गात मुलांना शिकवतो तेच आठवलं. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. फिक्स्ड म्हणजे जागा पक्की. औषध पोटात गेलं की अर्ध्या तासापासून काही तासांत त्याच जागी चुरचुर, लाली, कधी फोड, आणि बरं झाल्यावर मागे काळसर रंग राहतो. कारण त्या जागेच्या कातडीत काही पांढऱ्या पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात. ते औषध परत आलं की त्या तिथेच हल्ला करतात, इतर अंगाला पत्ताही नसतो. आपल्याकडे हा प्रकार भरपूर दिसतो. ओठ, हात आणि गुप्तांगं या आवडत्या जागा. पेनकिलर, जुलाबाच्या गोळ्या, काही अँटिबायोटिक्स, सगळ्यांनी होतो. आणि दर वेळी डागांची संख्या वाढू शकते, आईंच्या ओठावर नवीन उठला तसा.

तिरफळ, तुमचं प्रकरण निराळं. तुमचा त्रास गोळीच्या नावाला नाही, गोळीच्या कामाला आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही वेगवेगळी औषधं असली तरी शरीरातलं एकच एन्झाइम बंद करतात, कॉक्स-१. काही जणांच्या शरीरात ते बंद झालं की दुसऱ्या बाजूने दाहाची रसायनं उसळतात आणि पित्त उठतं, सूज येते. म्हणून कुटुंबातलं कुठलंही औषध घ्या, तेच होणार. अशांना बेताच्या डोसची पॅरासिटामॉल बहुधा चालते. दमा आणि नाकात मांसल वाढ असेल तर मात्र या गोळ्यांनी दम्याचा जोराचा झटका येऊ शकतो, ते आधी सांगायला हवं.

नातूसाहेब, सेट्रिझिन टाकून वर पेनकिलर हे कृपा करून कुणी करू नका. खाज दबेल, घसा आवळणं दबणार नाही. ओठ-जीभ सुजली, श्वासाला त्रास, चक्कर, तर तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, मांडीच्या स्नायूत, लगेच. आणि ताप आहे, तोंड-डोळे सोलवटलेत, कातडी दुखतेय, पापुद्रा निघतोय असं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. ते स्टीव्हन्स-जॉन्सन असू शकतं, त्यात माणूस दगावतो.

शेवंतीताई, औषध नक्की होईपर्यंत आईंना मनाने काहीही देऊ नका. आणि तो कापलेला तुकडा फेकू नका.

कंपौंडरचा_नातू | मंगळवार, सकाळी ७:४०

डॉक, मान्य. आजोबांच्या वेळी ॲनाल्जिन हे पेनकिलरही सुपारीसारखं वाटायचे. ते २०१३ ला बंद केलं सरकारने आणि २०१४ ला परत चालू, तेव्हा आजोबा म्हणाले होते "बघ, मी सांगत होतो." नक्की काय सांगत होते ते शेवटपर्यंत कळलं नाही.

नोकरदार_नारळ | मंगळवार, सकाळी ११:२०

रक्ताची ती २०० पदार्थांची ॲलर्जी टेस्ट करून घ्या ना सरळ. मी केली, साडेसहा हजार गेले, त्यात मला वांग्याची ॲलर्जी निघाली. बायकोने फ्रेम करून लावायला सांगितलंय कारण मी लग्नापासून तेच सांगत होतो.

आडवाटेचा_त्वचावाला | मंगळवार, दुपारी १:१०

@नोकरदार_नारळ, वांगं टाळायला कारण मिळालं तर घ्या. पण पेनकिलरच्या ॲलर्जीसाठी ते पॅनल कामाचं नाही. ते पॅनल रक्तातल्या ज्या अँटिबॉडी शोधतं, त्यांच्यामुळे या औषधांचा बहुतेक त्रास होतच नाही, मग रक्तात दिसणार काय? इतिहास नीट विचारणं हीच मोठी तपासणी. त्या कॅलेंडरला मी हजार रुपयांच्या रिपोर्टपेक्षा जास्त मानतो.

नवाच_आयडी_७ | मंगळवार, रात्री ११:५५

या धाग्यासाठी नवीन आयडी काढलाय, कारण कळेलच. डॉक्टरांनी वर तिसरी जागा लिहिली ती माझी. पंचविशीत, लग्न ठरलेलं, साखरपुडा पंधरा दिवसांवर, आणि तिथे लाल गोल चट्टा, वर साल गेलेली. मी कुठेही काहीही केलेलं नव्हतं. पहिल्या डॉक्टरने दार लावून हळू आवाजात विचारलं, "बाहेर कुठे गेला होता का?" मी म्हटलं ऑफिसला. एचआयव्हीपासून सगळ्या टेस्ट केल्या, सगळ्या निगेटिव्ह, तरी मनातून जाईना. महिनाभराने परत उठलं. तिसऱ्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला की डोकेदुखीला काय घेतोस. क्रिकेट खेळून खांदा दुखायचा म्हणून नॅप्रोक्सेन घ्यायचो. बंद केली, आठ वर्षं झाली, परत नाही. साखरपुडा झाला, लग्नही झालं. बायकोला खरं कारण पाच वर्षांनी सांगितलं, ती इतकी हसली की मूल जागं झालं.

कुणाला असं झालं तर आधी गोळ्या आठवा, मग स्वतःचं चारित्र्य तपासा.

भटका_मुंगळा | बुधवार, सकाळी ८:०२

शेवटची ओळ पोस्टर करून लावण्यासारखी आहे. दंडवत.

निसर्गोपचारी | बुधवार, सकाळी ९:३०

म्हणून सांगतो ॲलोपथी म्हणजे विष. निर्गुंडीचा शेक द्या, एरंडेल घ्या, सगळं सुटेल.

गिधाडमित्र | बुधवार, सकाळी १०:१४

@निसर्गोपचारी, विष कुणासाठी ते बघावं लागतं. अवांतर आहे पण राहवत नाही. हेच डायक्लोफेनॅक गुरांना टोचायचे, ते जनावर मेलं की गिधाडं खायची, आणि गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडून ती झाडावरच माना टाकून मरायची. आपल्याकडची गिधाडं त्यात जवळपास संपली. २००६ मध्ये गुरांसाठी बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या चोरून गुरांना वापरतात म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलीची केली. २०२३ मध्ये ॲसेक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेनही जनावरांना बंद. मेलॉक्सिकॅम हे पेनकिलर गिधाडांना चालतं. तुमच्या अंगठ्यावर डाग उठतो, तिथे आख्खी जात जवळपास गेली. बास, थांबतो.

वऱ्हाडी_संत्रं | बुधवार, दुपारी ४:४५

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या घरचं सांगतो, ॲलर्जीचं नाही, जास्त झाल्याचं.

माझा मेहुणा. शुक्रवारी रात्री दाढ ठणकायला लागली, दातवाल्याची वेळ सोमवारची. त्याने साडेसहाशेची गोळी घेतली, थांबेना, दोन तासांनी परत घेतली. बहिणीने तिच्या पाठीच्या गोळ्या दिल्या, त्या "वेगळ्या" म्हणून त्याही चालू. शनिवारी नाक गळायला लागलं म्हणून सर्दीची गोळी. जेवण तर जातच नव्हतं, दाढेमुळे, आणि संध्याकाळी दुखणं विसरायला थोडी घेतलीही. असे तीन दिवस. सोमवारी दातवाल्याच्या खुर्चीतच उलटी. सगळे म्हणाले पित्त झालं, उपाशी होता ना. मंगळवारी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं आणि डोळे पिवळे वाटले, तेव्हा नेला अमरावतीला. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या बिघाडाचा रक्तातला आकडा, चार हजारांच्या वर.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी बहिणीला घरी पाठवलं, म्हणे डबाच उचलून आणा. तिने बेडवर सगळी पाकिटं पसरली. हिरवं, निळं, चंदेरी, चार प्रकार. बाईंनी एकेक उलटं केलं आणि पेनाने मागच्या बारीक अक्षरांतल्या एकाच शब्दाखाली रेघ मारत गेल्या. चारही पाकिटांवर पॅरासिटामॉल. माणूस चार वेगळी औषधं घेतोय असं समजत होता, घेत होता एकच.

नऊ दिवस ॲडमिट होता, वाचला. दाढ अजून तशीच आहे, आता दातवाला म्हटलं की पळतो.

नाइट_ड्युटी | गुरुवार, पहाटे ३:२०

आत्ता वॉर्ड शांत आहे म्हणून लिहिते. सिस्टर आहे, कॅज्युअल्टीत बरीच वर्षं. संत्रंदादा, तुमच्या मेहुण्यासारखे दाढवाले आमच्याकडे येतात, लोकांना खरं वाटत नाही.

पॅरासिटामॉलचा घात काय, तर पहिला दिवस फसवा असतो. थोडी मळमळ, नाहीतर तेही नाही. माणूस बसून चहा पितो, नातेवाईक म्हणतात बरा आहे, घरी नेतो. यकृताचं बिघडलेलं रक्तात दिसायला बहुधा दुसरा दिवस उजाडतो, आणि तिसऱ्या-चौथ्याला सगळ्यात वाईट अवस्था असते. आपल्या यकृतात ग्लुटाथिओन म्हणून असतं, ते गोळीतून तयार होणारा विषारी भाग निपटून टाकतं. गोळ्या जास्त झाल्या, वर उपास, वर दारू, की ते संपतं आणि मग तो भाग यकृतालाच खातो.

याला उतारा आहे. ॲसिटिल सिस्टीन. ॲम्प्यूल फोडली की सडक्या अंड्याचा वास येतो, नवीन सिस्टर दचकतात. सलाईनमधून देतात, आमच्याकडे २१ तासांची पद्धत आहे, पहिली बाटली तासाभरात, दुसरी चार तासांत, तिसरी सोळा तासांत. आठ तासांच्या आत सुरू झालं तर यकृत बहुतेक वेळा वाचतं, पण उशिरा आलेल्यालाही देतात, म्हणून "आता काय उपयोग" म्हणून घरी बसायचं नाही. एकदम घेतलेल्या असतील तर चार तासांनंतर रक्तातली पातळी बघून तक्त्यावर ठरवतात. मेहुण्यासारख्या तीन दिवस थोड्या थोड्या घेतल्या असतील तर तो तक्ता चालत नाही.

आणि आता धाग्याच्या विषयाची गंमत. हा उतारा चढवताना काहींना पहिल्याच बाटलीत अंगावर पित्त उठतं. चेहरा लाल, खाज. नातेवाईक बाटली काढा म्हणून ओरडतात. ती नेहमीची ॲलर्जी नसते. आम्ही बाटली थांबवतो, खाजेवरचं एव्हिल देतो, डॉक्टर बघतात आणि बहुतेकांना कमी वेगाने परत चालू करतात. बंद करून घरी न्यायचं नसतं.

घरी करू नये असं: मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. त्या मिठानेच माणसं गंभीर झालेली पाहिलीत. गोळी घेऊन तास-दोन तासच झाले असतील तर आम्ही काळा कोळसा पाजतो, तो दवाखान्यात, घरचा चुलीतला नाही (हो, आणतात). १०८ ला फोन करा आणि पाकिटं सोबत आणा, रिकामीसुद्धा. दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्र आहे, १८००-११६-११७, तिथेही विचारता येतं.

आणि कुणी मुद्दाम घेतल्या असतील तर दारात उभं राहून "असं का केलंस" विचारू नका हो. काय, किती, कधी, एवढंच विचारा आणि आणा. बाकीचं बोलायला नंतर वेळ मिळतो. स्वतःच्या मनात तसं येत असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

राउंडची वेळ झाली.

लीड्सची_चिमणी | गुरुवार, दुपारी २:०५

सिस्टर, सलाम. आमच्याकडे इंग्लंडात १९९८ पासून सुपरमार्केटात पॅरासिटामॉलचं पाकीट १६ गोळ्यांचंच मिळतं, फार्मसीत ३२. आणि एका वेळी दोनच पाकिटं. पहिल्या हिवाळ्यात मी भारतात जायच्या आधी सगळ्यांसाठी म्हणून सहा घेतली तर काउंटरवरच्या मुलीने चार काढून घेतली, माझ्याकडे अशा नजरेने बघत. मला लाज वाटली, मग कारण कळलं. घरात गोळ्या कमी असल्या तर एखादा वाईट क्षण निघून जातो, एवढा साधा विचार. त्यानंतर तिथले या गोळ्यांचे मृत्यू बरेच कमी झाले. आणि हा उतारा सलाईनमधून द्यायचं मोठं काम एडिनबरोच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात केलं, आमची ट्रेन तिथूनच जाते म्हणून उगाच अभिमान.

दोन_लेकरांची_आई | गुरुवार, रात्री ९:३०

बाळांच्या औषधाचं पण लिहा कुणीतरी. मोठ्याच्या वेळी मी मरता मरता वाचवलंय (मी नाही, तो. नाही म्हणजे काही झालं नाही, पण). थेंबांच्या बाटलीत १ मिलीला १०० मिग्रॅ असतं. सिरपमध्ये ५ मिलीला १२० किंवा २५०. डॉक्टरांनी १२० वालं सिरप ५ मिली सांगितलं होतं, घरात धाकट्याचे थेंब होते, सासूबाई म्हणाल्या औषध तेच आहे ना, त्याच चमच्याने दे. चमचा भरला होता. मी बाटली दिव्याखाली धरली म्हणून दिसलं. चौपट गेलं असतं. तेव्हापासून आमच्याकडे मिली कुणी बोलायचं नाही, मिलिग्रॅम बोलायचं. किलोला १५ मिग्रॅ, दोन डोसांत किमान चार तास, असं डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घेऊन फ्रीजवर लावलंय.

आणि निमेसुलाइड १२ वर्षांखालच्यांना २०११ पासून बंद आहे तरी आमच्या गावाकडे "कडक ताप आहे का, मग हे घ्या" म्हणून पुढे करतात.

पेठेतली_म्हातारी | शुक्रवार, सकाळी ६:१०

पाळीच्या दुखण्याला मुली मेफेनॅमिक ॲसिड घेतात, त्याबद्दल २०२३ च्या नोव्हेंबरात गाझियाबादच्या सरकारी फार्माकोपिया कमिशनने इशारा काढला होता. ड्रेस सिंड्रोम. नातीने वाचून दाखवलं तर मी म्हटलं ड्रेसची ॲलर्जी असेल तर साडी नेस.

आडवाटेचा_त्वचावाला | शुक्रवार, सकाळी ७:००

आजी 😄. ड्रेस म्हणजे औषधाने अंगभर पुरळ, ताप, गाठी सुजणं आणि आत यकृत-किडनीला धक्का. गोळी सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी उगवतं, म्हणून गोळीवर कुणाचा संशयच जात नाही. दुर्मीळ आहे, पाळीला एखादी गोळी घेणाऱ्या मुलींनी घाबरायचं कारण नाही. त्याच कमिशनकडे आपल्यापैकी कुणीही औषधाचा त्रास कळवू शकतो, डॉक्टरच लागतो असं नाही. १८००-१८०-३०२४.

शेवंतीची_वेणी | रविवार, रात्री १०:५०

लोकहो, गडबड झाली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं मनाने काही देऊ नका आणि मी ऐकलं नाही. शनिवारी आईला ताप आला, १०१. मेडिकलवाल्यालाच विचारलं, तोही म्हणाला आणि इथेही तिरफळ यांनी लिहिलं होतं की पॅरासिटामॉल सगळ्यात सेफ. साधी, एकटी, ५०० ची दिली, पाकीट न कापता आणून. दुपारी दोनला दिली. चारला ती अंगठा चोळत बसलेली दिसली. सहाला लाल. रात्री ओठ. आणि मनगटावर तिसरा, नवा.

फेनॅकवाली गोळी तर कधीच बंद केली होती!

गणिताचा_मास्तर | रविवार, रात्री ११:०८

ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच उत्तर होतं. "…फेनॅक-पी". आपण सगळे फेनॅकच्या मागे लागलो. पी म्हणजे काय?

वऱ्हाडी_संत्रं | रविवार, रात्री ११:११

पॅरासिटामॉल. माय गॉड. बाईंनी मेहुण्याच्या पाकिटावर हेच दाखवलं होतं, ॲसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र, बाहेर फक्त पी.

तिरफळ | रविवार, रात्री ११:३०

शेवंतीताई, हात जोडून माफी. मला चालते म्हणून सगळ्यांना चालते असं लिहून बसले. आईंना आता कसं आहे?

आडवाटेचा_त्वचावाला | सोमवार, सकाळी ६:५०

तिरफळ, एकट्या तुमची चूक नाही, मीही वर पॅरासिटामॉलचा उल्लेख केला आणि "पी" कडे लक्ष दिलं नाही. वर शिकवण्याच्या गोष्टी करतो. शेवंतीताई, तोंडात, डोळ्यांत काही नाही ना? डाग तीनच आहेत ना? ताप उतरला? मग घाबरू नका, पण आजच प्रत्यक्ष दाखवा. नक्की करायला डाग शांत झाल्यावर काही आठवड्यांनी औषधाची पट्टी कातडीवर लावून बघता येतं, पाठीवर आणि मुद्दाम जुन्या डागावर. लगेच केलं तर कातडी थकलेली असते, खोटं नकारार्थी येतं.

भटका_मुंगळा | सोमवार, सकाळी ८:१५

माझा चहा गार झाला वाचता वाचता.

शेवंतीची_वेणी | अडीच महिन्यांनी, शनिवार, दुपारी ३:२५

धागा वर आणतेय कारण दोघा-तिघांनी निरोपातून विचारलं.

मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत नेलं. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने औषधं व्हॅसलीनमध्ये कालवली, छोट्या गोल पट्ट्यांवर घेतली, काही पाठीवर लावल्या आणि काही मनगटावरच्या डागावर. आई म्हणाली "हळदीकुंकवासारखं लावतेस गं." दोन दिवसांनी काढल्या. पाठ कोरी. मनगटाच्या डागावर पॅरासिटामॉलच्या पट्टीखाली लाल उठलेलं, ॲसेक्लोफेनॅकच्या खाली काही नाही. मग दुसऱ्या दिवशी नुसतं ॲसेक्लोफेनॅक तिथेच बसवून दिलं आणि संध्याकाळपर्यंत थांबवलं, काही झालं नाही. म्हणजे दीड वर्ष आम्ही ज्याला शिव्या घातल्या तो निर्दोष आणि ज्याला सेफ म्हणून जवळ केलं तोच.

गुडघ्यांचं विचाराल तर तिच्या बीपीमुळे आणि किडनीच्या आकड्यामुळे पेनकिलरच्या गोळ्या रोज नकोच म्हणाले, आधी डायक्लोफेनॅकचं जेल चोळायचं, मांडीचे व्यायाम. व्यायाम ती टीव्हीसमोर करते, जाहिराती लागल्या की थांबते. रात्रीचं कण्हणं कमी झालंय, बंद नाही.

त्यांनी एक कार्ड दिलंय, औषधाचं मूळ नाव लिहून. ते तिने बटव्यात ठेवलंय, सुपारीच्या कप्प्यात. आणि कॅलेंडरवर दर महिन्याच्या पानाच्या डोक्यावर स्वतःच्या अक्षरात "प्यारासिटामाल नको" लिहिलंय, डिसेंबरपर्यंत. मेडिकलवाल्याशी माझं वाजलं, मी म्हणते आख्खं पाकीट द्या नाहीतर नाव असलेल्या बाजूने कापा, तो म्हणतो नावाच्या बाजूने कापलं तर एक्स्पायरी जाते. आता तो मागच्या बाजूला पेनाने लिहून देतो. अक्षर डॉक्टरांपेक्षा वाईट आहे.

नाइट_ड्युटी | शनिवार, दुपारी ४:०२

कार्डाचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये पण ठेवा. आमच्याकडे माणूस येतो तेव्हा बटवा घरी असतो.

भटका_मुंगळा | शनिवार, दुपारी ४:१०

सगळं झालं, पण त्या कॅलेंडरवरच्या दुधाच्या खाड्यांचं काय? हिशोब जुळला का?

शेवंतीची_वेणी | शनिवार, दुपारी ४:३१

नाही. चार दिवसांचे पैसे जास्त गेलेत. आईचं म्हणणं, दूधवाल्याला पट्टी लावून बघा.